आके म्हणतो

कारासू, १२ नोव्हेंबर १९९५

एर्ना,

अक्षर बघून दचकू नकोस. हे माझं आहे. फार्मवर गाईंच्या दुधाची मापं लिहिण्यापलीकडे या हाताने कधी फारसं लिहिलं नाही, तेव्हा चुका काढत बसू नकोस. तुझ्या आकेचा उजवा हात दुखावलाय. विहिरीपाशी घसरला. विशेष काही नाही, म्हातारपणी हाडं रुसतात. पण तुझं पत्र येऊन पडलंय, आणि महिन्याला बापाचं पत्र आलं नाही तर तू काहीबाही मनात आणशील, म्हणून तो सांगतोय आणि मी लिहितेय. माझं तुझ्याशी बोलणं नाही ते नाहीच. मी नुसता हात आहे.

आके म्हणतो, वृद्धाश्रमातलं काम तुला आवडतं हे वाचून बरं वाटलं. परक्या म्हाताऱ्यांना न्हाऊ घालणं पुण्याचं काम आहे. घरच्या म्हाताऱ्यांना कोण न्हाऊ घालणार, असं मी म्हणते, पण ते तो म्हणत नाही, तेव्हा लिहीत नाही.

आके म्हणतो, यंदा बर्फ लवकर पडलं. मिलर मंडळीही गेली ऑक्टोबरात, जर्मनीला. आपल्या गल्लीत आता जर्मनांचं एकही घर उघडं राहिलं नाही. खिडक्यांवर फळ्या ठोकल्यात. त्यांचा कुत्रा मात्र रोज संध्याकाळी फाटकापाशी जाऊन बसतो.

आके म्हणतो, तिकडे जर्मनीत थिओडोर मामांना सलाम सांग. मामी तुला रशियन म्हणाली ते मनावर घेऊ नकोस. इथे तू जर्मन होतीस, तिथे रशियन झालीस. कझाख तेवढी तुला कुणी म्हणत नाही, आणि लहानपणी भूक लागली की तू कझाखमध्येच गळा काढायचीस.

आके म्हणतो, तुझ्या आपाचा, म्हणजे माझा, राग अजून गेलेला नाही. पण तुझ्या खोलीतली भट्टी ती एक दिवसाआड पेटवते. भिंतींना ओल येते म्हणून. भिंतींसाठीच.

आता तुझ्या पत्रातल्या शेवटच्या ओळीचं. तू लिहिलंस, "आपाला विचारा, ती मला माफ करणार आहे की नाही." आके यावर काही म्हणत नाही, म्हणून मीच लिहिते. जर्मनीला जायचं तर जन्म देणाऱ्या पाउलीना बेकरची मुलगी म्हणूनच जाता येतं, बातिमाची मुलगी म्हणून नाही, एवढं मलाही कळतं. मी अडाणी नाही. तू कोर्टात गेलीस, दत्तक मोडून मागितलंस, कागदावरून आमची नावं खोडलीस. तरुण माणूस रस्ता शोधतोच, ते मी गिळलं. पण तुझा आके न्यायाधीशासमोर उभा राहून "ही माझी मुलगी नाही" असं म्हणाला, आणि ते म्हणायला तू त्याला नेलंस. मी त्याला तीन वर्षं विचारतेय, तुझी जीभ वळली कशी? तो उत्तर देत नाही.

आके म्हणतो, टोपी घालत जा.

लिहिणारी, बातिमा


कारासू, ६ डिसेंबर १९९५

एर्ना,

तुझं पत्र पोस्टातल्या रैखानने काल घरी आणून दिलं. एकदा मनात वाचलं, एकदा आकेला मोठ्याने वाचून दाखवलं.

तू विचारतेस, आके मला एर्ना कधीपासून म्हणायला लागला? बरोबर आहे, तो तुला बोताम म्हणतो. बत्तीस वर्षांच्या बाईला 'माझं उंटाचं पिल्लू' म्हणायचं, हे लिहिताना माझा हात आखडला. तू विचारतेस, आके एवढा तिखट कधीपासून झाला? इतकी वर्षं बायकोच्या हातचं खाल्ल्यावर होणारच. शिवाय कुठलं हाड, प्लास्टर आहे का, बोटं हलतात का, डॉक्टर काय म्हणाले! त्या आश्रमात तू फार चौकश्या करायला शिकलीस.

आके म्हणतो, मी बरा आहे.

परवा आमचा सोगिम झाला. करडी घोडी कापली. हिवाळ्याच्या मांसाची सोय झाली, देवाची कृपा. दरवर्षी सुरी आके धरायचा, यंदा शेजारच्या मुकाशने धरली. आके दारात खुर्ची टाकून बसला होता. मुकाशने घोडीचं तोंड चुकीच्या दिशेला केलं तेव्हा तो खुर्चीतून उठायला बघत होता, मी खांदा दाबून बसवला. आतड्यांत मांस भरून काझी मी केल्या. मुकाशची बायको मदतीला होती. मी एक काझी आणि मांडीचा चांगला तुकडा मीठ लावून बाजूला ठेवला, तर तिची नजर गेलीच.

"हा वाटा कुणाचा, बातिमा?"

"लांब गेलेल्या लेकीचा वाटा वसंतापर्यंत ठेवतात, माहीत नाही तुला?"

"सासरी गेलेल्या लेकीचा ठेवतात. तुझी तर जर्मनीला गेली."

"तेही सासरच आहे. राबते आणि कुणी कौतुक करत नाही."

हसली ती. मीही हसले. मांस फुकट जाऊ नये म्हणून ठेवलंय, दुसरं काही मनात आणू नकोस.

तू विचारतेस, चोवीस तारखेला काय करता? काही नाही. तू गेल्यापासून काही केलेलं नाही. केकचा पत्रा अडगळीत आहे. कुणासाठी करायचं? गावातले लोक आकेबद्दल वीस वर्षं म्हणत आले, सेरगाझीच्या घरी ईदही होते आणि नाताळही, मेल्यावर याला न्यायला नक्की कोण येणार? तेव्हा घरात पोर होती, म्हणून त्यांचं बोलणं गोड लागायचं. आता दोन म्हातारे मुसलमान केक पुढ्यात घेऊन बसले तर लोक वेड्यात काढतील.

आणि हे फोनचं काय काढलंस? चोवीसला संध्याकाळी सात वाजता तू आश्रमातून फोन करणार, आकेला घेऊन पोस्टात या म्हणे. आके म्हणतो, नको. रस्त्यावर कमरेएवढं बर्फ आहे. आके म्हणतो, त्याला फोनमधलं ऐकू येत नाही. आके म्हणतो, पत्रात सगळं लिहितोच आहे, आणखी काय बोलायचं राहिलंय? आणि खरं म्हणजे तो हल्ली कमीच बोलतो.

फोन रद्द कर.

बातिमा


कारासू, २६ डिसेंबर १९९५

बोताम,

हा शब्द मी लिहितेय. मी, बातिमा.

सगळं तुला कळलंच आहे, तरी नीट सांगते. फोनवर तू रडत होतीस, मी ओरडत होते, आणि शेवटी लाईन तुटली.

तुझा आके घसरला वगैरे काही नाही. ऑक्टोबरच्या शेवटी गोठ्यावर गवत चढवत होता, चढवता चढवता खाली बसला आणि उठलाच नाही. उजवं अंग गेलं. वाचा गेली. इस्पितळात थोडे दिवस ठेवलं, मग म्हणाले, घरी न्या, देवाच्या मनात असेल तसं होईल. तेव्हापासून त्याच्या तोंडून एकच आवाज येतो, "दा". पाणी हवं असलं तरी दा, नको असलं तरी दा. माझं नावही दा.

त्याने मला एक ओळही सांगितलेली नाही. मी तुझं पत्र वाचायची, त्याच्या डोळ्यांकडे बघायची, दिसेल ते लिहायची. डोळ्यांत माणसाचं सगळंच काही दिसत नाही. उरलेलं माझं होतं. भिंतींच्या ओलीचं तर सगळंच माझं.

का लपवलं, हे तू फोनवर तीन वेळा विचारलंस. तुझी नोकरी नवी आहे, तू सगळं टाकून धावत येशील, म्हणून लपवलं असं मी म्हणाले. ते खोटं आहे. तू येणार नाहीस, याची मला भीती होती. तुला सांगावं आणि तू येऊ नयेस, ते मला सोसलं नसतं. न सांगितलं तर निदान तू का आली नाहीस याला कारण तरी राहतं.

तुझी तार आली, "फोन होणार. आकेला आणा." मग मुकाशने घसरगाडी जोडली. आकेला मेंढीच्या कोटात गुंडाळलं, वरून माझी शाल बांधली. पोस्टात वीज नव्हती. रैखान मेणबत्ती घेऊन बसली होती. फोन आपणच घ्यायचा, आकेला सर्दी झालीय म्हणायचं, असं मी वाटेत घोकत आले होते. घंटी वाजली.

"आपा?"

तीन वर्षांनी तुझ्या तोंडून तो शब्द ऐकला. घोकलेलं सगळं गेलं. मी विचारलं, "जेवलीस का?"

"आपा, आकेला दे."

"त्याला सर्दी—"

"आपा. दे."

मी रिसीव्हर त्याच्या कानाशी धरला. तुझा आवाज मलाही ऐकू येत होता. "आके, मी बोलतेय. बोला ना, आके." तुला जे दिसलं नाही ते सांगते. त्याने तोंड उघडलं. गळ्याच्या शिरा दोरासारख्या ताठ झाल्या. "दा," म्हणाला. "दा. दा." मग त्याने डोळे मिटून घेतले. लेकीसमोर उघडं पडल्यासारखी लाज त्याच्या तोंडावर होती. रैखानने तोंड फिरवलं. मी आता रिसीव्हर काढून घेणार, तेवढ्यात तुझ्या पाठीमागे तुझे आश्रमातले म्हातारे गायला लागले.

लांबून येत होतं, तारेच्या खरखरीतून. पहिली ओळ मला नीट ओळखूही आली नाही. दुसऱ्या ओळीला आकेने मान वर केली आणि तो गायला लागला. अगं, शब्दांसकट! ज्याला दोन महिने पाणी मागता आलं नाही, तो माणूस जर्मन शब्द एकामागून एक, स्वच्छ, न अडखळता म्हणत होता. आवाज फाटका, पण शब्द एकही चुकला नाही. मुकाश घोडा बांधून आत येत होता, तो पायांवरचं बर्फ झाडायचं विसरून दारातच थांबला. दार उघडं, वारा आत येतोय, आणि रैखान दोन्ही हातांनी मेणबत्ती झाकून उभी.

तू तिकडे एकदम गप्प झालीस. मला वाटलं, लाईन गेली. मग ऐकलं, तूही गात होतीस.

तुला वाटत असेल, ते गाणं आकेला आधीपासून येत होतं. आम्ही कधी तुला सांगितलं नाही. तुझी आई पाउलीना आणि मी एका गोठ्यात गाईंच्या धारा काढायचो. ती वारली तेव्हा तू पाच वर्षांची होतीस, तुला मी शालीत घालून घरी आणलं. त्या पहिल्या हिवाळ्यात तू जेवायचीच नाहीस. डिसेंबर संपत आला तशी खिडकीशी बसून राहायला लागलीस. का म्हणून विचारलं तर म्हणायचीस, घंटा वाजेल. कसली घंटा, आम्हाला काय ठाऊक! आके गल्लीच्या टोकाच्या जर्मन मिना म्हातारीकडे विचारायला गेला. तिने तोंडावर दार लावलं. त्या काळी नाताळची चौकशी करणारा माणूस सरकारचाच असायचा. आकेने शिडी लावली आणि तिच्या छपरावरचं बर्फ काढायला लागला. दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिसऱ्या दिवशी म्हातारीने दार उघडलं.

"काय हवंय तुला, कझाखा?"

"पोर जेवत नाही. तुमच्यात या दिवसांत काय करतात, तेवढं सांगा."

नाताळच्या रात्री आधी घंटा वाजते, मग गातात, असं सांगून तिने त्याला गाणं शिकवलं. अर्थ त्याला एका शब्दाचा कळत नव्हता. मेंढ्यांना चारा घालताना पाठ करायचा. मी भिंतीपलीकडून ऐकून हसायची. म्हटलं, मेंढ्या दूध आटवतील. लोण्या-साखरेच्या चुऱ्याचा केक मला शिकवला तोही मिनानेच. चोवीस तारखेला अंधार पडल्यावर आकेने खिडकीबाहेर जाऊन मेंढीची घंटा वाजवली. मग आत आला, बूटही न काढता आपला दोन तारांचा दोंब्रा घेतला आणि गायला. तू खिडकीशी होतीस. वळलीस. चालत गेलीस आणि त्याच्या मांडीवर बसलीस. दोन तुकडे केक खाल्लास, तिसरा हातात धरून झोपलीस.

त्या दिवशी तू आमची झालीस. कोर्टाने तुला आमची केली ती नंतर, उन्हाळ्यात.

परवा पोस्टातून आल्यावर मी केकचा पत्रा शोधून काढला. घरात साखर थोडीच होती, चुरा नीट झाला नाही. आकेने खाल्ला. मीही खाल्ला. लोकांनी म्हणायचं ते म्हणावं.

आपा


कारासू, १८ फेब्रुवारी १९९६

बोताम,

तुझं लांबलचक पत्र मिळालं. फोनची वायर ओढत तू रिसीव्हर दिवाणखान्यात नेलास आणि सगळ्या म्हाताऱ्यांना ऐकवलंस, हे मला माहीतच नव्हतं. तो चाकाच्या खुर्चीतला म्हातारा म्हणाला ना, "हे कोण गातंय? माझी आजी असलं जुनं जर्मन बोलायची." आणि तू म्हणालीस, "माझे वडील." ही ओळ मला आकेला परत परत वाचून दाखवावी लागतेय. पत्र घडी करून ठेवलं की तो डाव्या हाताने पुन्हा पुढे सरकवतो.

इकडे मी म्हातारपणी गवई झालेय. माझ्या मनात आलं, गाणं बाहेर पडतं तर बाकीचं का पडू नये? सकाळी उठले आणि पाळण्याच्या गाण्याच्या चालीवर विचारलं, "चहा घेणार का?" तो माझ्याकडे वेडीकडे बघावं तसा बघत राहिला. चार दिवस तसंच बघत होता. पाचव्या दिवशी त्याच चालीवर उत्तर आलं, "घेणार." मी किटली तशीच हातात घेऊन खाली बसले. आता 'घेणार' आहे, 'नको' आहे, 'थंडी' आहे, आणि 'पुरे कर' आहे, ते तो माझं गाणं लांबलं की म्हणतो. मुकाशची बायको म्हणते, तुमच्याकडे रोज लग्न चालू असल्यासारखं वाटतं. इस्पितळातल्या डॉक्टरीणबाई आल्या होत्या. म्हणाल्या, पूर्वीसारखं होईल याची आशा धरू नका, पण हे सोडूही नका. पूर्वीसारखं तो तरी कुठे फार बोलायचा!

चालणं मात्र होणार नाही. हे लपवत नाही. तू येशील तेव्हा बघशीलच. पुष्कळ वाळलाय.

आता कामाचं. तू येतेस असं लिहिलंस, त्यासाठी इकडून सरकारी बोलावणं पाठवावं लागतं. मंगळवारी शहरात, अकमोलाला गेले. कचेरीत एक तरुण पोर होती खिडकीमागे. बोटांना थंडी वाजत होती बिचारीच्या, हातमोजे घालूनच लिहीत होती.

"आजी, पाहुणी कोण तुमची?"

"मुलगी."

तिने कागद उलटसुलट केले. "आडनाव बेकर. आईचं नाव पाउलीना. हे दत्तक तर रद्द झालंय, आजी. हा निकाल."

"निकाल मला ठाऊक आहे. मुलगी लिही."

"मी लिहीन हो, पण वरच्या कचेरीत अडकेल. ते म्हणतील, नातं सिद्ध करा. परत कोर्ट, परत साक्षी. वसंत जाईल, उन्हाळा जाईल."

"घरी माणूस अंथरुणाला खिळलाय, पोरी."

"म्हणूनच सांगतेय ना. नातं नाही असं लिहा. ओळखीची, असं. ओळखीच्या पाहुण्यांचं लवकर सुटतं. तुमच्या हाताने लिहा, इथे, आणि खाली सही करा."

तिने पेन माझ्या हातात दिलं. माझं तोंड तुला माहीत आहे. पोरीला पुरतं सुनवायचं मी मनाशी जुळवलंही होतं. पण ती वाईट नव्हती. माझ्या मागे रांग होती, आणि ती मला मदतच करत होती. मी त्या रिकाम्या रकान्याकडे बघत राहिले, आणि मला तो कोर्टातला दिवस दिसला, ज्या दिवशी मी घरी दार लावून बसले होते. तुझा आके असाच उभा असणार. नवा शर्ट घातला होता त्याने, मीच इस्त्री केली होती, न बोलता. त्यालाही कुणीतरी असंच म्हणालं असेल, एवढं एक वाक्य बोला, आजोबा, म्हणजे मुलीचा रस्ता मोकळा होईल. तीन वर्षं मी त्याला विचारत होते, जीभ वळली कशी. ती वळत नाही, बोताम. वळवावी लागते.

मी लिहिलं. नातं नाही. ओळखीची. अक्षर वेडंवाकडं आलं, पण वाचता येतं. खाली सही केली. पोरीने शिक्का मारला आणि म्हणाली, "आजी, बसा थोडा वेळ. पाणी देऊ?" मी म्हटलं, "नको, गाडी चुकेल."

घरी येऊन आकेला सगळं सांगितलं, गाऊन नाही, साधं बोलून. सांगून झाल्यावर म्हटलं, "सेरगाझी, मी तुला फार बोलले." इतक्या वर्षांच्या संसारात मी त्याला नावाने हाक मारलेली नव्हती. त्याने डावा हात उचलून माझ्या डोक्यावर ठेवला, लहान पोराच्या ठेवतात तसा. नंतर बराच वेळ आम्ही दिवाही लावला नाही.

बोलावणं तुझ्या हातात पडेल तेव्हा त्यात तो रकाना तुला दिसेल. माझंच अक्षर आहे. वाचून रडत बसू नकोस, तिकीट काढ.

तुझी आपा